कोको मार्टिन : मासाहिस्तापासून बातांग कियापोपर्यंत

रातवा (धागाकर्ता)

फिलिपिनो मालिकांचा विषय निघाला की कोको मार्टिनवरून दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवापर्यंत गेलेला गंभीर नट टीव्हीने वाया घालवला. दुसऱ्या तटाला त्याचे जुने चित्रपट ठाऊकच नाहीत. त्यांच्यासाठी तो म्हणजे 'आंग प्रोबिन्स्यानो' मालिकेतला कार्दो, कितीही गोळ्या लागल्या तरी न मरणारा पोलीस. माझ्या मते दोन्हीकडचं काम त्याने एकाच पद्धतीने केलंय. ती पद्धत कळली की सात वर्षं रोज रात्री चालणारी मालिका कशी रेटली जाते तेही कळतं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी सनावळी उरकून घेतो. खरं नाव रोडेल पाचेको नासियान्सेनो, जन्म १ नोव्हेंबर १९८१, केझॉन सिटीतल्या नोव्हालिचेसमध्ये आजीजवळ वाढलेला. मधे काही काळ कॅनडात कामाला होता. २००५ साली ब्रिलान्ते मेंडोझाचा पहिला चित्रपट 'मासाहिस्ता', त्यात प्रमुख भूमिका. २००८ 'सर्बिस', २००९ 'किनाताय'. २००९ मध्येच एबीएस-सीबीएन वाहिनीवर 'टायोंग दालावा' ही मालिका. मग दरवर्षी एक या हिशोबाने मालिका: 'मिन्सान लांग किता इबिगिन' (२०११), 'वालांग हांग्गान' (२०१२), 'हुआन देला क्रूझ' (२०१३), 'इकाव लामांग' (२०१४). २८ सप्टेंबर २०१५ ते १२ ऑगस्ट २०२२ 'आंग प्रोबिन्स्यानो', भाग १,६९६. आणि १३ फेब्रुवारी २०२३ पासून 'बातांग कियापो'.

दिग्दर्शक म्हणून तो खरं नाव लावतो. श्रेयनामावलीत रोडेल नासियान्सेनो दिसलं की हाच तो.

फ्रेमबाहेर

चांगला धागा. सुरुवातीच्या चित्रपटांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं तिथेच शिकून झालंय.

मेंडोझाची त्या काळातली कामाची रीत अशी: खरी जागा, खांद्यावरचा कॅमेरा, कमी माणसं, कमी दिवस. 'सर्बिस' आणि 'किनाताय' दोन्हीचं लेखन आर्मांदो लाओ यांचं. घटना जेवढा वेळ घेते साधारण तेवढाच वेळ पडद्यावर द्यायचा, हा लाओंचा आग्रह. त्यामुळे जिने चढणं, फरशी पुसणं, गाडीत बसून राहणं हे सगळं कापाकापी न करता राहतं. अशा चित्रीकरणात नटाला तीन गोष्टी जमाव्या लागतात. आजूबाजूला सेट नसून खरी वर्दळ असते, त्यात उठून दिसायचं नाही. कॅमेरा कुठून येईल ते माहीत नसतं, म्हणून हातातलं काम थांबवायचं नाही. आणि मेंडोझा नटांना सगळी संहिता हातात देत नाही, म्हणून पुढच्या प्रसंगाची तयारी चेहऱ्यावर आधीच दिसता कामा नये.

'मासाहिस्ता'त एकीकडे गिऱ्हाइकाला मालिश चाललंय आणि दुसरीकडे तोच मुलगा मेलेल्या बापाच्या अंगावर कपडे चढवतोय, असे दोन प्रसंग आलटून पालटून येतात. हात तेच, शरीरं दोन. संवादाने काही सांगितलेलं नाही. लोकार्नो महोत्सवात व्हिडिओ विभागात याला सुवर्ण बिबट्या मिळाला.

'सर्बिस' आंजेलेस शहरातल्या जुन्या चित्रपटगृहात घडतो. 'फॅमिली' असं त्या थिएटरचं नाव, आत अश्लील सिनेमे चालतात आणि मालकांचं कुटुंब वरच राहतं. कोको त्यात फलक रंगवणारा आलान. त्याच्या ढुंगणावर गळू झालंय आणि ते तो बाटली लावून काढतो, हा प्रसंग बघणाऱ्यांच्या कायम लक्षात राहतो. बाहेरच्या रहदारीचा आवाज इतका की संवाद बुडतात, यावर तेव्हा बरीच टीका झाली. तो आवाज मुद्दाम ठेवलाय. आवाज वाढवून बघू नका, उपशीर्षकं लावा. लिनो ब्रोकाच्या १९८४ च्या चित्रपटानंतर कानच्या मुख्य स्पर्धेत गेलेला हा पहिला फिलिपिनो चित्रपट.

चिंगळी

'किनाताय'चं एवढं नाव का घेतात? पंचवीस मिनिटांत बंद केला. अंधारात गाडी चालतेय, चालतेय.

फ्रेमबाहेर

@चिंगळी, गाडीच्या आधीचा भाग आठवा. पेपिंग पोलिसी शिक्षण घेणारा पोरगा, सकाळी त्याचं लग्न होतं. दिवसाचा तो भाग फिल्मवर, रात्रीचा डिजिटलवर. रात्री ओळखीच्या माणसाबरोबर चार पैशांसाठी गाडीत बसतो आणि एका बाईच्या खुनाचा साक्षीदार होतो. अंधार मुद्दामच इतका आहे की बघायला फक्त त्याचा चेहरा उरतो, तोही अर्धाच. मधे त्याला खायला-प्यायला आणायला बाहेर पाठवतात. पळायची संधी समोर असते आणि तो परत येतो. चित्रपट सगळा त्या परत येण्यावर उभा आहे. मेंडोझाला कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. रॉजर ईबर्टने मात्र महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट म्हणून तो झोडपला. दोघांचंही मला कळतं. पण हिंसा सोसत नसेल तर नाहीच बघितला तरी चालेल. 'सर्बिस' पुरे.

अजून एक नाव यादीत घाला: फ्रान्सिस झेवियर पासिऑनचा 'जे' (२००८). त्या वर्षी सिनेमालाया महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. खून झालेल्या माणसाच्या घरी टीव्हीवाले जाऊन त्याच्या आईचं रडणं कसं 'परत एकदा' करून घेतात, हा त्याचा विषय. कोकोची भूमिका दुय्यम आहे. पुढे ज्या यंत्रणेत त्याने हयात घालवली तिच्यावरचा इतका खवचट चित्रपट त्याच्याच यादीत निघावा याची गंमत वाटते.

मनिलाकर

टीव्हीवर उडी कशी पडली ते बघू. 'टायोंग दालावा'त नायक तो नव्हताच. जेराल्ड अँडरसन आणि जेक क्वेंका हे दोन सावत्र भाऊ, मधे किम च्यू. कोको रामोन, तिसरा, वाईट बाजूचा. अशा पात्राला मालिकेत फायदा असतो: नायकांना नीतीने वागावं लागतं, याला नाही. लेखकांना प्रसंग लिहायला मोकळीक मिळते आणि प्रेक्षक हळूहळू त्याच्याकडे वळतो. ती वळणारी नजर पकडून दोन वर्षांत त्याला दुहेरी भूमिका दिली. 'मिन्सान लांग किता इबिगिन'मध्ये जुळे भाऊ, एक सैनिक आणि एक बंडखोरांकडचा.

'वालांग हांग्गान' म्हणजे ज्युलिया मोंतेससोबतची प्रेमकहाणी, तिचं मूळ १९९१ च्या एका फिलिपिनो चित्रपटात आणि त्या चित्रपटाचं मूळ 'वुदरिंग हाइट्स'मध्ये. जानेवारी ते ऑक्टोबर २०१२, म्हणजे नऊ-दहा महिने. तिथली मालिका साधारण इतकीच चालते. हा आकडा लक्षात ठेवा, 'प्रोबिन्स्यानो' किती वेगळी होती ते यावरून कळेल.

या सगळ्यामागे एबीएस-सीबीएनचा ड्रीमस्केप विभाग आणि त्याचे प्रमुख देओ एंद्रिनाल. ते २०२४ मध्ये गेले. कोकोच्या टीव्हीवरच्या वाटचालीत त्यांचा हात सर्वांत मोठा.

तळकोकणी

प्रोबिन्स्यानो खरंच सात वर्षं चालवण्याजोगी होती का? पहिलं वर्ष उत्तम. नंतर पाणी घालून वाढवलेली आमटी. तोच खलनायक तुरुंगातून सुटतो, तोच परत कट करतो, कार्दो परत दरीत पडतो. एफपीजेचं नाव आणि आठची वेळ, या दोन कुबड्या काढल्या तर काय उरतं?

रातवा

@तळकोकणी, कुबड्या होत्याच, नाकारत नाही. पण त्याच वाहिनीवर एफपीजेच्या चित्रपटांवरून आधीही मालिका आल्या होत्या, त्या काही सात वर्षं चालल्या नाहीत. तेव्हा नावापलीकडे काहीतरी असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एफपीजे म्हणजे फर्नांडो पो ज्युनियर, तिथल्या मारधाडपटांचा राजा. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, ग्लोरिया मकापागाल-अरोयोंकडून हरले, त्याच डिसेंबरात वारले. मालिकेचा आधार त्यांचा नव्वदच्या दशकातला चित्रपट. त्यांच्या पत्नी सुसान रोसेस मालिकेत कार्दोची आजी, लोला फ्लोरा. नायकाला घरातली मान्यता कथेत जिच्याकडून मिळते, तीच प्रत्यक्षात मूळ ताऱ्याची बायको. प्रेक्षकाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मे २०२२ मध्ये त्या गेल्या आणि ऑगस्टात मालिका संपली.

आता रचना बघा. पहिल्याच आठवड्यात जुळा भाऊ आदोर मारला जातो, कार्दो त्याच्या नावाने पोलिसात शिरतो. सूडाचा हा ट्रॅक एका मालिकेपुरता होता. तो संपल्यावर नायक तोच ठेवून त्याच्याभोवतीचं सगळं जग बदलायचं, हे गणित बसवलं. आधी गणवेशातला पोलीस. मधे बाईच्या वेशात पालोमा बनून हेरगिरी (२०१६, तेव्हा हा ट्रॅक जबरदस्त चालला). मग तुरुंग. मग पुलांग आराव या बंडखोरांच्या जंगलात. मग फरार टोळी. मग थेट राष्ट्राध्यक्षाला वाचवणं. प्रत्येक वेळी नवा तळ, नवे साथीदार, नवा मुख्य खलनायक. आजीचं घर आणि कार्दो मात्र कायम.

आपल्याकडे मालिका लांबवायची तर लीप घेतात, सून सासू होते. इथे वयाला हातच लावलेला नाही, जागा बदलली. मारधाडीच्या मालिकेला हे सोयीचं, कारण जागा बदलली की चित्रीकरणाचं ठिकाण बदलतं आणि दृश्य ताजं दिसतं.

पडदानशीन

रातवांनी सांगितलं ते कथेचं. पण मालिका पडते ती बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या गणितावर.

आठवड्याला पाच भाग. जाहिराती वजा जाता भागाला अर्धा तास धरा, म्हणजे आठवड्याला अडीच तासांचं तयार दृश्य. घरातल्या मालिकेत एका बैठकीच्या खोलीत दिवसाला पंधरा-वीस मिनिटं निघतात. मारधाडीत तसं नाही. दोन मिनिटांच्या गोळीबाराला बंदुकांची तपासणी, धुराचे नळे, कपड्यांखाली लावायच्या रक्ताच्या पिशव्या, कसरतपटूंची तालीम, रस्ता बंद करण्याची परवानगी एवढं लागतं. एकदा रक्ताची पिशवी फुटली की तो शर्ट गेला, म्हणून एकाच शर्टाच्या तीन-चार प्रती. रिटेक घ्यायचा तर सगळं परत पहिल्यापासून. अशाने एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार ठेवलेल्या भागांचा साठा, कधी उभी राहतच नाही. आज चित्रीकरण, उद्या-परवा प्रक्षेपण, अशीच गत.

यावर उपाय एकच, एकाहून जास्त युनिटं. 'प्रोबिन्स्यानो'च्या दिग्दर्शकांची यादी लांब आहे ती यामुळे. मालू सेविया नाट्यप्रसंगांच्या, तोतो नातिविदाद मारधाडपटांतले मुरलेले, आणि पुढे खुद्द रोडेल नासियान्सेनो. एक युनिट आजीच्या घरात, एक खलनायकाच्या बंगल्यात, एक रानात. अडचण कार्दोचीच येते, तो एका वेळी एकाच ठिकाणी असणार. म्हणून खलनायकांचे, राष्ट्राध्यक्षाच्या राजवाड्याचे, शेजाऱ्यांचे ट्रॅक इतके फुगवलेले असतात. तुम्हाला जे पाणी वाटतं @तळकोकणी, ती बऱ्याचदा नायकाच्या तारखांची भरपाई असते.

मुख्य नट स्वतः दिग्दर्शन करायला लागला की इथे एक फायदा होतो. प्रसंग जागेवर बदलता येतो. पाऊस आला, ठरलेला नट आला नाही, तर निरोपानिरोपी न करता तिथेच नवा प्रसंग बसवायचा. फ्रेमबाहेर यांनी मेंडोझाबद्दल लिहिलंय तीच सवय इथे कामी आली: खरी जागा, आजूबाजूची माणसं आहेत तशी वापरायची, टेक कमी. तोटाही आहे. लेखकांची खोली आणि सेट यांच्यात अंतर पडतं, आणि एकदा जागेवर बदललेला धागा पुढे कुणी गुंफत नाही. 'प्रोबिन्स्यानो'तली कितीतरी पात्रं अशी वाऱ्यावर सोडलेली सापडतील.

डावखुरा

+१ पडदानशीन. वाचनखूण साठवली.

टीआरपीबद्दल एक इशारा. जुन्या बातम्यांत आकडे वाचताना कुठल्या संस्थेचे ते बघा. एबीएस-सीबीएन कांतारचे आकडे द्यायची, समोरची वाहिनी जीएमए एजीबी नील्सनचे. नमुने वेगळे, म्हणून एकाच रात्री दोन्ही वाहिन्या स्वतःला पहिलं म्हणू शकत. कांतारच्या आकड्यांत प्रोबिन्स्यानो ऐन भरात असताना नियमित ४० टक्क्यांच्या वर असे. दोन संस्थांचे आकडे एकाच तक्त्यात मांडणारे लेख सरळ सोडून द्या.

समोरच्या वाहिनीने कमी प्रयत्न केले नाहीत. 'एनकांतादिया' (२०१६), 'मुलाविन विरुद्ध रावेना' (२०१७), 'व्हिक्टर माग्तांगोल' (२०१८), बहुतेक अद्भुतरसाच्या महागड्या मालिका. आल्या आणि गेल्या.

तळकोकणी

तारखांचा मुद्दा पटला. पाण्याचा नाही :)

पण २०१८ चं पोलिसांचं प्रकरण नेमकं काय होतं? कोणी नीट लिहाल का?

मनिलाकर

नोव्हेंबर २०१८. तेव्हाच्या ट्रॅकमध्ये पोलीस दलाचा प्रमुखच भ्रष्ट दाखवला होता आणि नायक फरार. राष्ट्रीय पोलीस दलाचे तेव्हाचे प्रमुख ऑस्कर आल्बायाल्दे यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, दलाने मालिकेला दिलेलं सहकार्य काढून घेतलं. गृहखात्याचे मंत्री एदुआर्दो आन्यो यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. नंतर बैठका होऊन मिटलं.

सहकार्य काढलं म्हणजे व्यवहारात काय होतं ते समजून घ्यायला हवं. पोलिसी मालिकेला गस्तीच्या गाड्या, ठाण्याची इमारत, गणवेश, बिल्ले, कवायतीला खरे जवान हे सगळं दलाकडून मिळतं. ते थांबलं की गाड्या भाड्याने आणून रंगवा, गणवेश खऱ्याशी तंतोतंत जुळणार नाही असे शिवा, ठाण्याचा सेट उभा करा. आधीच बँक नाही, त्यात हे. कथा पोलीस ठाण्यातून बाहेर काढणं हाच स्वस्त मार्ग उरतो.

दुसरं, मालिका आणि राजकारण तिथे कायम गुंतलेलं. लितो लापिद हे जुने मारधाडपटांचे नायक, आधी सिनेटर होते. २०१८ मध्ये मालिकेत आले, २०१९ च्या मे महिन्यात परत सिनेटवर निवडून आले. प्रचाराचा अधिकृत काळ सुरू झाला की उमेदवाराला पडद्यावर राहता येत नाही, त्यामुळे अशा पात्राची एक्झिट लेखकांना तारखेवर बसवावी लागते. पुढे 'बातांग कियापो'तही लापिद होते आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून आले. पहिल्या वर्षातला खलनायक होआकिन, म्हणजे आर्हो आतायदे, २०२२ मध्ये केझॉन सिटीतून खासदार झाला.

जुनी_तबकडी

एक विनंती, २०२० चं सगळं क्रमाने लिहा. वाहिनी बंद झाली तरी मालिका चालू राहिली, हे कसं ते कळत नाही.

मनिलाकर

क्रमाने देतो.

एबीएस-सीबीएनचा पंचवीस वर्षांचा प्रक्षेपण परवाना ४ मे २०२० ला संपला. तिथे हा परवाना संसद कायदा करून देते. ५ मे रोजी दूरसंचार आयोगाने बंदीचा आदेश काढला आणि त्याच संध्याकाळी चॅनल २ काळा झाला. १० जुलैला संसदेच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. कोकोने तेव्हा समाजमाध्यमांवर उघड आणि रागाने लिहिलं. इतर बरेच तारे जपून बोलत होते.

आता पळवाट. परवाना लागतो तो हवेतून प्रक्षेपण करायला. केबल आणि उपग्रहावर दुसऱ्याच्या जाळ्यातून वाहिनी दाखवायला तो लागत नाही. म्हणून १३ जूनपासून कापामिल्या चॅनल केबलवर सुरू झाला. ज्यांच्याकडे केबल नाही त्यांच्यासाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. ऑक्टोबर २०२० मध्ये दुसऱ्या संस्थेच्या वाहिनीवर वेळ घेऊन ए२झेड, आणि मार्च २०२१ पासून टीव्ही५ वर. मालिका तीच, घरात येण्याचे रस्ते चार.

यात गेलं काय? खेड्यातला साधा अँटेनावाला प्रेक्षक गेला आणि त्याच्याबरोबर जाहिरातींचा दर. मिळालं काय? यूट्यूबवर एकाच क्षणी किती लोक बघतायत हा आकडा जाहीर दिसायला लागला, आणि वाहिनीने त्याचाच प्रोमो केला. 'बातांग कियापो'च्या वेळी तो लाखांत जायचा.

त्याच काळात महामारीमुळे चित्रीकरणाची रीतही बदलली. नट आणि युनिट काही आठवडे एकाच ठिकाणी मुक्कामाला, बाहेर जायचं नाही, मग सुट्टी. मारधाडीच्या मालिकेला हे उलट सोयीचं पडलं: कार्दो सलग हाताशी. २०२१ मध्ये ज्युलिया मोंतेस मालिकेत आली ती या टप्प्यात.

पडदानशीन

मुक्कामी चित्रीकरणाचा एक परिणाम पडद्यावर स्पष्ट दिसतो. त्या काळातले भाग बघा: एकेका गटाचे प्रसंग सलग एकाच जागी, दोन गट समोरासमोर क्वचितच. खलनायक फोनवरच बोलतोय, बोलतोय. कारण तो नट त्या मुक्कामात नव्हता.

चिंगळी

आणि त्याचे स्वतःचे चित्रपट? डिसेंबरातले विनोदी बघितलेत, ते कानवाल्याचे वाटत नाहीत.

डावखुरा

डिसेंबरचं कारण व्यापारी आहे. २५ डिसेंबरपासून सुमारे दोन आठवडे मेट्रो मनिला चित्रपट महोत्सव असतो. त्या काळात देशभरच्या पडद्यांवर फक्त स्पर्धेत निवडलेले फिलिपिनो चित्रपट लागतात, हॉलिवूडला सुट्टी. पोरांना नाताळचे पैसे मिळालेले असतात, अख्खं कुटुंब थिएटरात येतं. त्यामुळे चित्रपट कुटुंबाचाच लागतो.

व्हाइस गांदासोबत २०१५ चा 'ब्यूटी अँड द बेस्टी' आणि २०१६ चा 'सुपर पेरेंटल गार्डियन्स' (हा मात्र महोत्सवाबाहेर, नोव्हेंबरअखेर लागला). २०१७ मध्ये 'आंग पांदाय': मूळ कार्लो जे. कापारास यांची चित्रकथा, १९८० मध्ये एफपीजेने गाजवलेली, आणि इथे दिग्दर्शक रोडेल नासियान्सेनो. २०१८ चा चित्रपट विक सोत्तो आणि मेन मेंडोझासोबत. २०१९ आणि २०२२ चे परत स्वतः दिग्दर्शित. 'पांदाय'मध्ये मनिलाच्या झोपडपट्टीतला पहिला अर्धा तास जिवंत आहे, संगणकी राक्षस आले की सगळं बसतं. तो जागा आणि गर्दी हाताळू शकतो, हिरव्या पडद्यापुढे अडखळतो.

फ्रेमबाहेर

@डावखुरा, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. 'बातांग कियापो' चालली ती याच बळावर. कियापो म्हणजे मनिलातली काळ्या नाझरेथकराच्या (येशूच्या काळ्या मूर्तीच्या) चर्चची वस्ती. ९ जानेवारीच्या मिरवणुकीला लाखोंची गर्दी होते. चर्चच्या भिंतीला लागून जडीबुटी, ताईत, मेणबत्त्या विकणारे, पलीकडे सोनेरी मशीद, मधल्या गल्ल्यांत चोरीचे फोन. नायक तांगोल हा पोलीस नाही, तो स्वतःच भुरटा चोर. कार्दोपेक्षा त्याला खूप मोकळीक आहे.

मूळ १९८६ चा एफपीजे आणि मारिसेल सोरियानो यांचा चित्रपट. मालिकेत पहिली नायिका लोवी पो, म्हणजे एफपीजेची मुलगी. आजीच्या भूमिकेत चारो सांतोस. त्या या वाहिनीच्याच माजी अध्यक्ष. आई शेरी पाय पिकाचे. आजीवाली जागा याही मालिकेत भरलेली आहे, हे बघा.

खऱ्या वस्तीत चित्रीकरण केलं की वस्तीचे प्रश्नही अंगावर येतात. मालिका सुरू होताच मुस्लीम विक्रेत्यांच्या चित्रणावर आक्षेप आले आणि कोकोने माफी मागितली.

जुनी_तबकडी

जॅकलिन होसेबद्दल कोणीच लिहिलं नाही! मासाहिस्ता आणि सर्बिस दोन्हीत ती कोकोसोबत होती. २०१६ मध्ये मेंडोझाच्याच 'मा रोसा'साठी कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, आणि मग 'बातांग कियापो'त तुरुंगाची प्रमुख एस्पिनास. मार्च २०२४ मध्ये ती गेली तेव्हा याच मालिकेत काम करत होती.

तसंच जॉन आर्सिल्या. 'हेनेराल लुना'चा नायक, 'प्रोबिन्स्यानो'त वर्षानुवर्षं खलनायक हिपोलितो. रोज रात्री डोळे वटारत असतानाच २०२१ मध्ये एरिक मात्तीच्या चित्रपटासाठी व्हेनिस महोत्सवात अभिनयाचा व्होल्पी चषक. टीव्हीने नट वाया जातो म्हणणाऱ्यांना हे नाव सांगा.

रातवा

हे राहिलंच होतं, धन्यवाद. कोकोच्या दोन्ही मोठ्या मालिकांत ऐंशी-नव्वदच्या दशकातले विस्मृतीत गेलेले मारधाडपट-नट, कसरतपटू, विनोदवीर सतत दिसतात. याचं कौतुक सहृदयता म्हणून होतं, असेलही. पण हिशोबही पक्का आहे. या माणसांना पडायचं कसं, बंदूक धरायची कशी, मार खाल्ल्याचं टायमिंग काय हे शिकवावं लागत नाही. नवख्या पोराला सहा टेक लागतात तिथे हे दोनमध्ये काम करून देतात. आणि पन्नाशीतला प्रेक्षक चेहरा ओळखून थांबतो.

दावाओ_वारी

मेडिकलसाठी महाराष्ट्रातून फिलिपिन्समधल्या दावाओला येणाऱ्यांसाठी व्यवहाराची माहिती: तिथली रोजची बोली बिसाया आहे, मालिका तागालोगमध्ये. तरी वॉर्डात पेशंटशी बोलायला मालिकांचा उपयोग होतो, कारण तागालोग सगळ्यांना कळतं. यूट्यूबवरच्या भागांना इंग्रजी उपशीर्षकं असतीलच असं नाही. कियापोतली भाषा रस्त्यावरची आहे, तांगोलचे शब्द प्राध्यापकांसमोर वापरू नका.

चिंगळी

मग बघायचं कुठल्या क्रमाने? १,६९६ भाग कोणी बघणार नाही.

फ्रेमबाहेर

आधी 'सर्बिस'. मग 'जे'. पचलं तर 'किनाताय'. त्यानंतर 'प्रोबिन्स्यानो'चे पहिले दोन आठवडे, दहा भाग; जुळ्या भावाची अदलाबदल यात आटोपते. मग पालोमाचा ट्रॅक, मग पुलांग आरावमधले सुरुवातीचे भाग. राजवाड्याचं राजकारण सोडा. मग सरळ 'बातांग कियापो'चा पहिला महिना. 'सर्बिस'मधला जिना आणि कियापोतल्या गल्ल्या मागोमाग बघितल्या की रातवा काय म्हणतोय ते दिसेल.

तळकोकणी

क्रम मान्य. शेवटचा प्रश्न पडदानशीनना: एडी गार्सियांच्या नावाचा कायदा आलाय, त्याने हे रोजचं रेटणं बंद होईल का?

पडदानशीन

पार्श्वभूमी आधी. एडी गार्सिया 'प्रोबिन्स्यानो'त डॉन एमिलियो होते. जून २०१९ मध्ये दुसऱ्या एका मालिकेच्या चित्रीकरणात पळत असताना वायरीत पाय अडकून पडले, मानेला जबर दुखापत झाली, २० जूनला गेले. वय ९०. त्यावरून मे २०२४ मध्ये प्रजासत्ताक कायदा ११९९६ झाला. दिवसाला आठ तास काम, वाढवायचं तर जास्तीत जास्त चौदा, त्यात जेवणाची सुट्टी धरायची नाही. आठवड्याला साठच्या वर नाही. काम सुरू होण्याआधी लेखी करार, आणि सेटवर सुरक्षेची जबाबदारी निर्मात्याची.

साठ तासांची मर्यादा माणसामागे आहे, युनिटामागे नाही. म्हणजे दोन-तीन युनिटं लावून पाच भाग काढणं चालू राहू शकतं. कात्री लागते ती सगळ्या युनिटांत हिंडणाऱ्या माणसाला, म्हणजे मुख्य नटाला, आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या मेकअप, वेशभूषा, ध्वनीच्या लोकांना. चौदा तासांचे चार दिवस लावले की छप्पन झाले, पाचव्या दिवशी चारच तास उरतात. त्या चार तासांत मारामारी लावायची नाही, घरातले बसून बोलायचे प्रसंग लावायचे. कॉल शीट (चित्रीकरणाचं रोजचं वेळापत्रक) लिहिणाऱ्याला हे आधीच्या शुक्रवारी कळलं पाहिजे. आणि नायक स्वतःच दिग्दर्शक असेल तर त्याचे दिग्दर्शनाचे तासही कोणीतरी मोजायला हवेत.